नऊ कुंड्यांचा लाइटवाला

वडशाच्या लटारूभाऊंना उजेडाबद्दल कोणी शिकवायला जाणं म्हणजे सुताराला रंधा धरायला शिकवणं. चौतीस हंगाम त्यांनी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना लाइट दिला होता. दिवाळी झाली की कंपनीच्या गाडीत चढायचे, ते होळीलाच घरी उतरायचे. नायिका रडली की निळा, खलनायक आला की लाल, देव प्रकटला की पिवळा, हे त्यांच्या बोटांना डोळे मिटूनही कळायचं. पुढे लाइटचं काम कॉम्प्युटरवर गेलं, गुडघेही कुरकुरायला लागले आणि भाऊ घरी बसले. बसले म्हणजे काय, गोकुळाबाईंच्या स्वयंपाकघरातला बल्ब कसा चुकीच्या जागी आहे, हे दिवसातून चारदा सांगू लागले.

त्यांची एकुलती मुलगी दीपाली नर्स. मार्चमध्ये तिची बदली सिरोंच्याला झाली. तिच्याजवळ सक्युलंटच्या नऊ कुंड्या होत्या. एक कमळासारखं गुलाबी, एक पांढऱ्या पट्ट्यांचं, एक जेड, बाकीची अशीच गुबगुबीत पानांची. पोरीचा जीव त्यांच्यात. पण एवढ्या लांबच्या बसच्या धक्क्यांत ती झाडं तगणार नव्हती, म्हणून तिनं त्या घरी आणून ठेवल्या आणि आईला म्हणाली, "आई, तूच पाहजो. बाबाच्या भरोशावर नको ठेवू."

भाऊ दारातच उभे होते. ते वाक्य त्यांना लागलं, आणि जास्त लागलं ते खरं होतं म्हणून. पोरीच्या शाळेचं एकही गॅदरिंग त्यांनी पाहिलं नव्हतं. कुठल्या ना कुठल्या गावच्या मंडपात ते दुसऱ्यांच्या पोरींवर उजेड टाकत बसलेले असायचे.

"आण इकडं," ते म्हणाले. "दिवाळीले नऊच्या नऊ तुह्या हातात देतो. लाइटचं काम आहे ना? मंग मले नाई जमन तं कोणाले जमन?"

"पाहू," दीपाली हसून म्हणाली आणि गेली.

भाऊंनी कुंड्या थेट बैठकीतल्या काचेच्या शोकेसमध्ये मांडल्या. गुलाबीवर लाल झिरो बल्ब, जेडवर हिरवा, मागून थोडा निळा. खिडकीला पडदा, कारण बाहेरचा उजेड सीन खराब करतो. शेजारचे पत्रूभाऊ बघायला आले आणि खरोखर टाळी वाजवून गेले. महिनाभरात झाडं टीचभर उंच झाली. भाऊंची छाती फुगली. "पाह्य, कशी वाढून राह्यली!"

गोकुळाबाईंनी कमरेवर हात ठेवून नीट पाहिलं. त्यांचं उभं आयुष्य रोवणीत गेलेलं, धानाचं पऱ्हं, म्हणजे रोप, त्या दुरून ओळखायच्या. "अजी, हे वाढणं नोहे. झाडाच्या सावलीतलं पऱ्हं असंच वर पळते. पिवळं, लांबट, हात लावला का आडवं. ते उजेड धुंडून राह्यलं, अन् तुमी त्याले नाटक दाखवून राह्यले."

बायकोपुढे हार मानतील तर ते लटारूभाऊ कसले! पण पाहिलं तर खरंच होतं. गुलाबीची पानं दूर दूर झाली होती, माना वाकून पडद्याच्या फटीकडे वळल्या होत्या. भाऊंनी रागारागात नऊही कुंड्या उचलल्या आणि अंगणात नेऊन ठेवल्या. महिना मेचा, वेळ दुपारची, आणि ऊन आपलं इकडचं. चार वाजेपर्यंत जेडची पानं करपली आणि एक नाजूक निळसर रोप उकडल्यासारखं मऊ पडलं, ते काही परत उठलं नाही.

त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत. नऊची आठ झाली होती. दीपालीचा फोन आला तेव्हा त्यांनी तो गोकुळाबाईंच्या हातात दिला आणि न्हाणीत जाऊन उगाच नळ सोडून बसले.

दुसऱ्या सकाळी मात्र ते स्वतःवरच चिडून उठले. "चौतीस वर्सं डिमर धरला मी," ते गोकुळाबाईंना म्हणाले. "अंधारातून एकदम फुल लाइट मारला तं नटाचे डोळे फुटतेत. हळू चढवा लागते. मंग झाडाले काऊन मारला मी असा?"

त्यांनी शोकेसमधले बल्ब काढले, पडदा काढला. कुंड्या पूर्वेच्या खिडकीत आणल्या. पहिले चार दिवस सकाळचं ऊन फक्त अर्धा तास, मग तास, मग दोन. किती उजेड पडतो हे ते मंचावर पाहायचे तसंच पाहू लागले: कुंडीच्या वर हात धरायचा आणि सावली बघायची. कडा ठसठशीत तर ऊन कडक, कडा पुसट तर मध्यम, सावलीच नाही तर उपास. पांढऱ्या पट्ट्यांच्या रोपाला पुसट सावली मानवायची म्हणून ते खिडकीपासून दोन हात मागे. कुंड्या दर दोन दिवसांनी थोड्या फिरवायच्या, म्हणजे मान एकीकडे वाकत नाही. दिवसातून तीनदा खिडकीत हात धरून उभ्या असलेल्या भाऊंना रस्त्यावरून पत्रूभाऊ विचारायचे, "कोणाले आशीर्वाद देऊन राह्यले गा?"

लांबलेले शेंडे गोकुळाबाईंनी विळ्यानं कापले, चार दिवस सुकवले आणि मातीत टोचले. गळून पडलेली पानंसुद्धा त्यांनी मातीवर नुसती ठेवून दिली. श्रावणात आभाळ आठ-आठ दिवस दाटून राहिलं, सावली पडेना. तेव्हा भाऊंनी एक पांढरी ट्यूब कुंड्यांच्या वर वीतभर अंतरावर टांगली. सकाळी सातला चालू, संध्याकाळी सातला बंद. ज्या माणसानं जन्मभर रात्री जागवल्या, तो आता झाडांची झोप सांभाळत होता, आणि खुशीत होता.

दीपाली भाऊबिजेच्या सकाळी आली. खिडकी पाहून दारातच थांबली. कापलेल्या खोडांना दोन-दोन फुटवे आले होते, पानांपासून नखाएवढी पिल्लं निघाली होती, गुलाबीच्या कडा पुन्हा लालसर झाल्या होत्या. नारळाच्या करवंट्यांपासून चहाच्या कपांपर्यंत सव्वीस झाडं होती.

"एक मेलं," भाऊ घाईनं म्हणाले. "निळंवालं. माह्याच हातानं मेलं. उनात ठेवलं होतं मी." मग शोकेस, लाल बल्ब, मेची दुपार, सगळं सांगून टाकलं. दीपाली आधी हसली, हसता हसता डोळे पुसू लागली. मग वडिलांचा हात धरून खिडकीशीच बसली.

"बाबा, माह्या क्वार्टरात एकच खिडकी आहे. कुठी काय ठेवाव, मले नाई समजत. माह्यासंगं चाला ना. आठ दिवस राहा."

भाऊ काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचे मालक होते. लाइटवाला आजारी पडला होता आणि आज पहिला प्रयोग. "भाऊ, इज्जतीचा सवाल आहे, तुमीच या."

गोकुळाबाई चुलीपासून बघत राहिल्या. दीपालीनं हात सैल केला. तिला उत्तर माहीत होतं, लहानपणापासून.

"नाई जमत, मालक," लटारूभाऊ म्हणाले. "मी सिरोंच्याले जाऊन राह्यलो. पोरीच्या घरी लाइटचं काम आहे."