लंबगोलाबाहेरची सुमामावशी

माझ्या मावशीला आम्ही घरातल्यांनीच कापून काढलं.

अतिशयोक्ती वाटत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आज सुमामावशीला जाऊन महिना झाला. आईची धाकटी बहीण. मुलुंडला वन रूम किचनमध्ये एकटी राहायची. ती एकतीस वर्षांची असताना काका गेले, मूलबाळ नाही. मग नोकरी आणि आम्ही भाचरं.

रिटायर झाल्यावर तिनं कागद कापायचं एक मशीन घेतलं. कागदावर पोलादी साचा ठेवायचा, वर-खाली प्लास्टिकच्या प्लेटा, आणि दांडा फिरवायचा. पलीकडून फूल, पान, चांदणी, जो साचा असेल ते कापून बाहेर.

मामा त्याला शेवयांचं यंत्र म्हणायचा. "सुमे, आज किती किलो पाडल्यास?" सगळे हसायचे. तीही हसायची.

त्या मशीनवर तिनं आमच्या अख्ख्या खानदानाचे अल्बम केले. बारशाचं पान, मुंजीचं पान, गणपतीचं पान, प्रत्येकाची वेगळी थीम. साचे सगळे परदेशी. ख्रिसमस ट्री, भोपळे, बर्फ. मोदक कुठून मिळणार?

तिनं भोपळ्याचा साचा घेतला, पांढरा कागद लावला, देठाला कात्रीनं टोक काढलं.

"बघ गौरे, कळ्या पण आल्या."

झकास मोदक होता यार.

तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. सगळ्यांच्या घरातून तिनं केलेले अल्बम गोळा केले. एकाही पानावर ती नाही.

शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. आमची हसरी मावशी हाराखालून गुन्हेगारासारखी बघत होती.

मामी म्हणाली, "तिला फोटोची आवडच नव्हती ना."

मलाही तेच वाटलं. खोटं कशाला बोलू.

मागच्या रविवारी तिचं कपाट आवरायला गेले. साच्यांच्या खाली एक मिठाईचा डबा. आत फोटोंचे तुकडे. कोपरे, कडा, पट्ट्या.

प्रत्येक तुकड्यात मावशी.

निळ्या साडीतली. हातात ताट घेतलेली. कुणाच्या तरी मागून मान उंच करून हसणारी. तुकड्यामागे पेन्सिलीनं लिहिलेलं. चिन्मयची मुंज. राधाचं बारसं. दादाची वास्तुशांत.

तिच्याकडे एक लंबगोल साचा होता. ग्रुप फोटोवर तो ती असा ठेवायची की कडेला उभी असलेली ती स्वतः बरोबर बाहेर राहील. मग दांडा फिरवायची. आम्ही सगळे सुबक गोलात, आणि ती उरलेल्या कडेत.

डबा घेऊन तडक पार्ल्याला आईकडे गेले.

"हे काय आहे?"

आईनं दोन तुकडे बघितले आणि सांगून टाकलं.

चिन्मय माझा भाचा. त्याच्या मुंजीचा अल्बम मावशीनं सगळ्यात आधी केला होता. पहिल्या पानावर सगळ्यांचा फोटो, कडेला ती. तेव्हा आई तिला म्हणाली होती, "सुमे, शुभकार्याचं पहिलंच पान. त्यात तू कशाला गं? लोकं बघतात."

"मग काय म्हणाली ती?"

"हसली. म्हणाली, खरंच की ताई, माझ्या लक्षातच नाही आलं. अल्बम परत घेऊन गेली."

"आणि तू नेऊ दिलास?"

"गौरी, मी एकदाच बोलले गं. एकदाच."

"एकदाच पुरलं, आई. परत बोलायची वेळच तिनं तुझ्यावर येऊ दिली नाही."

विधवा. हा शब्द बोलायला आमच्या घरात सगळ्यांना संकोच वाटतो. पाळायला नाही वाटला.

तिच्या हातचं पुरण चालायचं. पाहुण्यांच्या पोरांना सांभाळणं चालायचं. फोटो तेवढा चालला नाही. आणि हे कुठल्या काळात? सगळ्यांच्या घरी वायफाय आहे, मुली एकट्या परदेशात राहतायत, तेव्हा. आता फॅमिली ग्रुपवर "कलाकार हरपली" आणि हात जोडलेले इमोजी. कुणाला हरवून बसलात ते तरी माहीत आहे का?

आईवर चिडून घरी आले आणि माझ्या लग्नाचा अल्बम उघडला.

फोटोत मी आणि आई-बाबा. माझ्या खांद्यावर मावशीनं सोनेरी कागदाचं फूल चिकटवलंय. अल्बम दिला तेव्हा मी तिला म्हणाले होते, "मावशी, हे फूल इथे काय भारी बसलंय!"

फूल नखानं सोडवलं.

खाली चार बोटं. माझ्या खांद्यावर ठेवलेली.

बाकीची मावशी डब्यात होती, "गौरीचं लग्न" लिहिलेल्या तुकड्यात.

माझ्या लग्नात माझ्या खांद्यावर कुणाचा हात होता, हे मला आठवतही नव्हतं. वर मी त्या फुलाचं कौतुक केलं. आईला बोलायचा मला काय अधिकार? पण बोलणार. आईला, मामाला, मामीला, आणि आरशासमोर उभी राहून स्वतःलाही.

तर नातेवाईकांनो, इमोजी पुरे. जुने फोन काढा, पेनड्राइव्ह काढा, लग्नाच्या सीड्या काढा. न कापलेले फोटो मला पाठवा. आई, तुझ्या लोखंडी कपाटातली मुंजीची सीडी मला सगळ्यात आधी हवी.

मशीन मी घरी आणलंय. सगळ्यांची पहिली पानं मी नव्यानं करणार, आणि त्यावर ती असणार. तिच्या भाचीचं, म्हणजे माझ्या बहिणीचं डोहाळजेवण पुढच्या महिन्यात आहे, त्याचंही पान मीच करणार. तिथेसुद्धा.

ज्यांना ते अशुभ वाटेल त्यांनी आपला अल्बम माझ्याकडे आणून द्यावा. तो तिच्या हातचा आहे, तुमच्याकडे शोभत नाही.

सुमामावशी, तू हसून सोडून दिलंस. मला जमणार नाही.

माझा राग आणि माझा नमस्कार, दोन्ही घे.