पाठमोरा बाप

आमचे मामा हुकमी रडायचे. सांगाल तर आधी डाव्या डोळ्यातून, मग उजव्यातून. अर्जुनी मोरगावच्या बाजूला धान कापून झाले की नाटकांचा हंगाम सुरू होतो. त्यात मुलाच्या प्रेतावर ऊर बडवून रडणारा बाप हवा असला की मामांनाच बोलावणं येई. गावभर त्यांना 'बाप'च म्हणत. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र पाळणा हलला नाही. मामी म्हणायच्या, "यांची रडाची हौस स्टेजवर फिटते. घरी नुसते हासतेत."

मामांचे गुडघे दुखू लागले तेव्हा मी गोंदियाहून त्यांना मोबाईल नेऊन दिला. त्यावर चुकून एक जुना जपानी सिनेमा लागला आणि मामा बिघडले. भाषा कळत नव्हती, तरी नटांचा नाद लागला. नावं जिभेवर बसेनात म्हणून आपलीच ठेवली: तलवारवाला तो गणपत, बायकांची कामं करणारा तो यमुनाबाई, आणि सारखा बाप होणारा तो बुवा. त्यांची चरित्रं माझ्याकडून वाचून घेत. यमुनाबाईला लहानपणीच बापानं स्टेजवर उभं केलं आणि पुढे आपलं स्टेजवरचं नावही दिलं, हे त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. बुवा मात्र ऐन तारुण्यात म्हातारे करू लागला आणि मरेपर्यंत म्हातारेच करत राहिला, यावर बेहद्द खूश. "माह्यासारखाच हाय लेकाचा!"

एका सिनेमात या बुवाला मुलगा गेल्याची खबर येते आणि तो नुसता पाठ फिरवून बसतो. खांदे तेवढे जरा खाली येतात. मामा तेवढंच पुन्हा पुन्हा पाहत. "काही करून नाही राहिला, अना मले रडू येऊन राहिलं. काऊन?" आमच्याकडे प्रेक्षकांना पाठ दाखवणं म्हणजे पापच.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात मामांनी तेच करायचं ठरवलं. दिग्दर्शकानं हात जोडले, "लोक तुमचं रडनं पाहाले येतेत जी. पाठ कायले दाखवता?" मामा हो हो म्हणाले आणि करायचं तेच केलं. पोराचं प्रेत आलं, मामा पाठ फिरवून बसले. विंगेतल्या प्रॉम्प्टरला वाटलं, बाप वाक्य विसरला. तो आधी कुजबुजला, मग ओरडूच लागला, "अरे माह्या लेकरा! अरे माह्या लेकरा!" प्रेक्षकांनीही तेच सुरू केलं. मांडव हसून लोळला. पुढच्या हंगामात बापाचं काम दुसऱ्याला गेलं. मला लोकांचा भयंकर राग आला. मामांना नाही आला. बायकांत बसलेल्या मामींनी घरी येऊन त्यांना एवढंच म्हटलं होतं, "आज तुमी पयल्यांदा खरे रडले."

मामी गेल्या तेव्हा सारं गाव जमलं. बाप आता कसा रडतो ते पाहायलाही काही आले असावेत. मामा सगळ्यांकडे तोंड करून कोरडे बसले होते. "स्टेजवर तं लय रडे," कोणीतरी म्हणालं. मी जवळ जाऊन म्हटलं, मामा, हवं तर भिंतीकडे वळून बसा. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"पाठ ओळखनारी तं गेली, बाई. आता कोणाले दाखवू?"

यंदा कापणीच्या दिवसांत मामा गेल्याचा फोन आला. मी ओट्याशी भेंडी चिरत होते. बरं म्हटलं, फोन ठेवला, उरलेली भेंडी चिरली. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. आत काही हललंच नाही. भेंडी चिरून होते तोच नवरा बाहेरून आला होता. त्याला माझी पाठच दिसत होती. चप्पल काढता काढता तो थांबला.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.