पिंप भरायला लागलेला वेळ

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी नाशिकमधल्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात हंगामी कारकून होते. शहरातल्या सार्वजनिक विहिरी आणि सातपूरकडच्या कारखान्यांच्या बोअर यांतून गेल्या काही वर्षांत किती पाणी उपसलं, याचा एकत्र तक्ता मला करायचा होता. पंप किती तास चालला ते ऑपरेटर लिहून पाठवायचे. तो पंप तासाला किती पाणी ओढतो त्या आकड्याने तास गुणले, की झाला उपसा. कारखान्यांचे आकडे तर इतके गोंडस, की उन्हाळा असो नाहीतर पावसाळा, दर महिन्याला तेच. बोअर आहे की दुधाचा रतीब, असं मला वाटायचं. बाकीच्यांना हे काम रटाळ वाटे, मला त्याचं वेड लागलं होतं. डबा खातानाही माझा गुणाकार चालू असायचा.

ज्या विहिरींचा उपसा निम्म्यावर आला त्या बंद करून तिथे टँकर लावायचे असं ठरत होतं. त्या यादीत आमच्याच वसाहतीची विहीर निघाली. घरी सांगितलं तशी आईने कपाळावर हात मारला. तक्रार तिनेच केली होती ना! पूर्वी नळ दिवसभर असायचा, आता दुपारीच जातो, विहीर आटली, काहीतरी करा, म्हणून बायकांना घेऊन ऑफिसात गेली होती.

"टँकर काय रोज येणार आहे? मी कामावर असताना आला तर पाणी कोण भरेल गं?" ती म्हणाली. मला तिचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या विहिरीचे तास पुन्हा पहिल्यापासून मांडले आणि ताडकन उभीच राहिले. तास हळूहळू उतरलेच नव्हते. एका महिन्यात एकदम निम्मे झाले आणि पुढे सगळे ऋतू तेवढेच राहिले. विहीर अशी आटत नाही. ती उन्हाळ्यात खोल जाते, पावसात वर येते, कुरकुरत कुरकुरत आटते. मग त्या महिन्यात झालं काय?

मी तडक विहिरीवर गेले. ऑपरेटर सायखेड्याचे, वयाने मोठे.

"त्या वक्ताला पंप बदलला ना," ते म्हणाले. "ह्यो मोठा हाय, लय जोरात ओढतो. पण काय उपेग ताई? पाणीच नाय ऱ्हायलं. दुपारीच तळ गाठून हवा धरतो."

मला नाचावंसं वाटलं. पंप नवा आला होता, आणि ऑफिसात आम्ही सगळे अजून जुन्याच पंपाच्या आकड्याने गुणत होतो! दिवसभराचं पाणी हा पठ्ठ्या दुपारपर्यंत ओढून मोकळा होत होता. नळाची धार जाड झाली होती, पण घरोघरी लक्षात राहिलं ते नळ लवकर जातो एवढंच.

ऑफिसात साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तोंडी नको. मोजून दाखवा."

पिंप आईने आणलं, वसाहतीतल्या बायकांसकट. तुझं मोजून झालं की पाणी आमचं, ही त्यांची अट. साहेबांनी हातातलं घड्याळ काढलं, ऑपरेटरनी पाइपाचं तोंड पिंपात वळवलं. जुन्या आकड्याने अर्धं भरायला हवं होतं तेवढ्या वेळात पिंप काठोकाठ भरून वाहू लागलं. मी ओरडलेच. साहेब म्हणाले, "परत." पुन्हा भरलं, पुन्हा तेच. तोवर पहिलं पाणी घरोघरी पोचलंसुद्धा. "आणखी एकदा मोजा की साहेब," मागून कुणीतरी म्हणालं आणि साहेबही हसले. विहिरीच्या कठड्यावर कागद ठेवून त्यांनी यादीतलं आमचं नाव खोडलं.

आई मात्र विहिरीत डोकावून पाहत होती.

"म्हणजे पाणी पहिल्याइतकंच देत होती ही?"

"तेवढंच. फक्त लवकर."

"आणि मी रोज शिव्या घालत होते हिला."

तिने पिंपातून तांब्याभर पाणी काढलं, कठड्याशी गेली, आणि ते परत विहिरीत ओतलं.