कोरलची आंघोळ

आमच्या शहरापासून समुद्र इतका लांब, की घरी कोरल पाळतो म्हटलं की लोक आधी तोंडाकडं बघतात आणि मग प्रश्न विचारतात. त्यातच किस्से साचत जातात.

आम्ही तिघं. मी चिकलठाण्याला कारखान्यात क्वालिटीला, सलीमभाईंचं स्पेअर पार्ट्सचं दुकान, आणि मृणाल फार्मासिस्ट. तिघांच्याही घरी खाऱ्या पाण्याचे टँक. कोरल दिसतं फुलासारखं, पण तो जीव असतो, आणि त्यावर चपटे किडे बसतात. म्हणून नवीन कोरलला आधी डिप द्यायचा. टबात टँकचंच पाणी, त्यात मोजून औषध, थोडा वेळ बुडवायचं, पिचकारीनं किडे उडवायचे आणि दुसऱ्या टबात धुऊन घ्यायचं.

*

सलीमभाईंचा पहिला डिप. काही कोरल विषारी पाणी उडवतात, म्हणून हातमोजे घातलेले, डोळ्याला गॉगल. त्यांच्या अम्मी दारातच थबकल्या.

"किसका ऑपरेशन है?"

"ऑपरेशन नै अम्मी, कीडे निकाल रहा हूं."

अम्मी आत गेल्या आणि उवांची बारीक फणी घेऊन आल्या. "दवा से कुच नै होता. इससे निकलते."

*

माझे मामा लासूर स्टेशनचे. शहरात दिवसभर कामं करून संध्याकाळी घरी आले. डिपचं पाणी परत टँकमध्ये चालत नाही, फेकायचंच असतं. तो टब बाथरूममध्ये ठेवून मी कोरल टँकमध्ये लावायला गेलो. परत येतो तर मामा स्टुलावर बसलेले, दोन्ही पाय टबात, डोळे मिटलेले.

"मामा, त्यात औषध हाय!"

"व्हय, म्हणूनच लई बरं वाटतंय. मीठ तेवढं बेतानं टाकीत जा."

साबणानं पाय धुवायला लावले, तर रागावले.

*

मृणालच्या टबात एकदा किड्यांबरोबर मुगाएवढा खेकडा पडला. या जातीचा खेकडा कोरलची राखण करतो, त्याला मारायचं नसतं. तिनं चमच्यानं उचलून स्वच्छ पाण्याच्या वाटीत टाकला. तो आडवाच. आम्ही तिघं वाटीभोवती बसलो, चहा गार झाला. शेवटी एक पाय हलला. सलीमभाईंनी तिथूनच घरी फोन लावला.

"अम्मी, बच गया."

"अल्ला का शुकर है," अम्मी म्हणाल्या. "पर कौन?"

*

मृणालला बघायला जालन्याची मंडळी येणार होती, ती वेळेआधीच आली. नेमकं त्याच दिवशी तिच्या सगळ्यात जुन्या कोरलला कीड लागलेली. ती हॉलमध्ये गॉगल लावून टबापाशी, मी टॉर्च धरून.

"ऊठ, साडी नेस," तिची आई दबक्या आवाजात म्हणाली.

"आई, वेळेत काढलं नाही तर औषधानंच मरेल ते."

मग तो मुलगा, अनिकेत, उठला.

"टॉर्च मी धरू का?"

मी दिला. तो इस्त्रीच्या पँटवर तसाच खाली बसला.

"तिथं, देठाच्या खाली. अजून एक हाय."

मृणालनं पिचकारी मारली. किडा सुटला. पोहे घेतलेल्या बशा तशाच हातात धरून सगळे बघत होते. तिनं कोरल धुऊन टँकमध्ये ठेवलं, गॉगल काढला. डोळ्यांभोवती लाल वळ उठलेले.

"झालं का गं सगळं?" अनिकेतच्या आईनं विचारलं.

"आजचं झालं. पण या औषधानं अंडी मरत नाहीत. आठवड्यानं परत बुडवावं लागतं."

अनिकेत टॉर्च हातात घेऊनच आईकडं वळला.

"म्हणजे पुढच्या रविवारी परत यावं लागतंय."