शुक्रवारची वांगी

आज संध्याकाळी भरली वांगी करायला घेतली आणि चिरल्यावर लक्षात आलं, दोघांच्या मानाने फार होतील. बाहेर हे टीव्हीवर शेअर बाजाराची चर्चा ऐकत होते. ह्यांचं ठाम मत आहे की सोमवारी बाजार पडतो आणि शुक्रवारी चढतो. परवा फोनवर आमची सुमन हसली. म्हणाली, "बाबा, ते जुनं झालं. चढायचा वार सगळ्यांना कळला, की लोक आधीच घेऊन ठेवतात. मग त्या वारात काही उरत नाही."

मला शेअरमधलं कळत नाही, पण तिचं बोलणं मनात राहिलं. सुमन तालुक्याला शिकायला होती, तेव्हा शुक्रवारच्या एसटीने घरी यायची. सगळ्या घराला ते ठाऊक असायचं, तरी शुक्रवार कधी उणा झाला नाही. आता ती लांब, सासरी आहे. ती येणार नाही हेही ठाऊक आहे. तरी शुक्रवारी सकाळपासून माझं मन चढत जातं आणि अंधार पडला की उतरतं. बाजार म्हणे शहाणा होतो. मला अजून जमलेलं नाही.

"एवढी वांगी कोणाला?" ह्यांनी दारातून विचारलं.

"उद्या होतील सकाळी."

"शिळी वांगी तिलाच आवडायची," हे म्हणाले आणि पुन्हा टीव्हीपुढे बसले.

तेवढ्यात फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, आणि गाडी पुढे निघून जाईपर्यंत फाटकाकडे बघत राहिले.