गोष्टीचा शंभरावा दिवस

जावा बेटावरच्या सालातिगा गावात, कॉलेजच्या मागच्या गल्लीत पलुपीचं धुलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कॉलेजची मुलं आठवड्याचे कपडे पिशवीत कोंबून आणायची. पलुपी ते वजनावर घ्यायची, धुऊन, इस्त्री करून, वर सुगंधी पाण्याचा फवारा मारून परत द्यायची. इस्त्री करताना हात आपोआप चालतात आणि डोकं रिकामं राहतं. त्या रिकाम्या डोक्यात तिला गोष्टी सुचत. चांगलंसं वाक्य सुचलं की ती इस्त्री उभी करून ठेवायची आणि आतल्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपकडे पळायची. एकदा उभी करायची राहून गेली, आणि कोणाच्या तरी पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला. तिचा नवरा वियोनो दारातून डोकावून म्हणाला, "चला, तुझं काहीतरी छापलं गेलं एकदाचं!"

पलुपी हसली. वियोनो मिनीबस चालवायचा. दिवसभर लोकांची बडबड ऐकून घरी आला की बायकोची गोष्ट ऐकायची ताकद त्याच्यात उरत नसे. पण लॅपटॉपची बॅटरी गेली तेव्हा न सांगता नवी आणून बसवली होती त्यानेच.

तिला हवं होतं ते एवढंच, की रविवारच्या पेपरात, कथेच्या पानावर, एकदा आपलं नाव यावं. तिकडे गोष्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाला तेच हवं असतं. गोष्ट ईमेलने पाठवायची आणि गप्प बसायचं. पेपरवाले 'मिळाली' म्हणत नाहीत, 'नको' म्हणत नाहीत. रविवारी सकाळी पेपर उघडून आपलं नाव आहे का बघायचं. नसलं तर पुढच्या रविवारी पुन्हा. तीनेक महिने गेले की आपणच समजायचं, नाकारली. पलुपी आठ वर्षं असं आपलं आपणच समजून घेत होती.

या समजून घेण्यात तिला दोन सोबती होते. एक मास बिंतोरो, चौकातला न्हावी, कविता करणारा. दुसरे पाक सुरोसो, शाळेतले निवृत्त कवायत-मास्तर, कथा लिहिणारे. (तिकडे दादाला मास म्हणतात, वडीलधाऱ्याला पाक आणि बाईला बू.) बिंतोरोच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी दोन पेपर यायचे, एक राजधानीतलं मोठं दैनिक आणि एक सेमारांगहून निघणारं 'सिनार लेरेंग'. रविवारी तिघं तिथे जमायची. पाक सुरोसो चष्मा पुसून पान उघडायचे, नावावर नजर टाकायचे आणि पेपर अर्धवट दाढी झालेल्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर ठेवून म्हणायचे, "या आठवड्यातही आपण तिघं अनोळखीच आहोत. छान. उधारीवाले शोधत येणार नाहीत."

शंभराव्या दिवसाची कल्पना त्यांचीच. जावामध्ये माणूस गेलं की तिसरा दिवस करतात, सातवा, चाळिसावा आणि शंभरावा करतात. शेजाऱ्यांना बोलावून जेवू घालतात. पाक सुरोसो म्हणाले, "आपल्या गोष्टीही पेपरात जाऊन मरतात, आणि त्यांचं कोणी काही करत नाही. हे बरं दिसत नाही." तेव्हापासून पाठवलेल्या गोष्टीला शंभर दिवस झाले की ज्याची गोष्ट त्याने आपेम करून आणायचे. आंबवलेल्या तांदळाच्या पिठाचे हे जाडजूड घावन गेलेल्यांच्या नावाने करतात. त्यांचं आणि आपलं काही चुकलंमाकलं असेल तर माफ व्हावं म्हणून. प्रार्थना मात्र तिघं म्हणत नसत, ती खऱ्या गेलेल्यांची. नुसती क्षणभर गप्प बसत आणि मग खात.

"फार गुणाची होती हो," बिंतोरो घास घेत म्हणायचा.

"तू वाचली होतीस?" पाक सुरोसो विचारायचे.

"छे! पण शीर्षक किती सालस होतं."

वाचायचा प्रश्नच नव्हता. छापून यायच्या आधी गोष्ट कोणी वाचली की तिला दृष्ट लागते, असं तिघंही मानत. शीर्षक तेवढं सांगायचं. शंभरावा झाला की ती गोष्ट सुटली. लेखकाने हवं तर ती दुसऱ्या पेपराला पाठवावी, नाहीतर तशीच झोपू द्यावी.

'कुंपणावरचा फणस' या गोष्टीचा शंभरावा पलुपीने मन लावून केला. ही आपली सगळ्यांत चांगली गोष्ट आहे हे तिला लिहितानाच कळलं होतं. कुंपणावर वाढलेल्या एका झाडावरून दोन शेजारणी अबोला धरतात, एवढीच गोष्ट. पण ती 'सिनार लेरेंग'ला गेली आणि नेहमीसारखी गडप झाली. आपेम करताना पलुपीने पिठात नारळाचं दूध जरा जास्तच घातलं. पाक सुरोसो तिसरा आपेम उचलत म्हणाले, "हिच्या मरणाने आमचं मात्र भलं झालं." दुसऱ्या दिवशी तिने तीच गोष्ट राजधानीच्या दैनिकाला पाठवली.

रीत अशी आहे, की दुसरीकडे पाठवण्याआधी पहिल्या पेपराला 'मी माझी गोष्ट परत घेते' असं कळवायचं. पलुपीला ही रीत ठाऊक होती. पण जिचे आपेमसुद्धा खाऊन झाले, ती परत कुठून घ्यायची? तिच्या मनातच आलं नाही.

बरेच रविवार गेले. मग एका रविवारी बिंतोरो कात्री हातात घेऊनच गल्लीत धावत आला. अर्धे केस कापलेलं गिऱ्हाईक, मानेला फडकं बांधलेलं, त्याच्या मागे. "बू! बू पलुपी! आली! तुमची फणस आली!"

पलुपीने आधी इस्त्री उभी करून ठेवली. मग पेपर हातात घेतला. राजधानीचं दैनिक. अर्धं पान. वर फणसाचं चित्र आणि खाली तिचं नाव. तिने नावावरून बोट फिरवलं, शाई जरा बोटाला लागली. वियोनो बनियनवरच बाहेर आला आणि शेजाऱ्यांना ओरडून सांगू लागला, "आमची बायको छापून आली!"

तेवढ्यात चौकाकडून पाक सुरोसो येताना दिसले. सावकाश. त्यांच्या हातात 'सिनार लेरेंग' होता. "बू," ते म्हणाले, "ही इथेही आलीय."

अर्धे केस कापलेलं ते गिऱ्हाईक म्हणालं, "मग तर दुप्पट आनंद! काय?"

दुप्पट आनंद कसला! एक गोष्ट दोन पेपरांत येणं म्हणजे लिहिणाऱ्यांच्या जगात चोरीहून वाईट. संध्याकाळपर्यंत दोन्ही पानांचे शेजारीशेजारी ठेवलेले फोटो फोनाफोनांतून फिरू लागले. 'एकाच मुलीची दोन लग्नं लावणारी आई,' असं कोणीतरी खाली लिहिलं होतं. 'धुलाईवाली म्हणे, आता आपलं नाव धुवा,' असं दुसऱ्याने. सोमवारी दोन ईमेल आले. राजधानीचा मजकूर लांबलचक होता: यापुढे आपलं लिखाण स्वीकारलं जाणार नाही. 'सिनार लेरेंग'चा एका ओळीचा: असं का केलंत? खाली संपादक हेर्लांबांग यांचं नाव. आठ वर्षांत संपादकांकडून तिला आलेली ही पहिली दोन उत्तरं.

"मेलेल्याचा राजीनामा कोण पाठवतं?" बिंतोरो हळहळत राहिला. त्याने आरशावर चिकटवलेलं पान काढावं की ठेवावं हे न कळून त्याची खालची कड दुमडून ठेवली, म्हणजे नाव दिसू नये.

बुधवारी पलुपी पहाटे उठली. रात्री भिजवलेलं पीठ फुगून आलं होतं. तिने आपेम केले, केळीच्या पानात बांधले आणि सेमारांगची बस धरली. माफी मागायला रिकाम्या हाताने कसं जायचं?

पेपरच्या कचेरीत निम्मी टेबलं रिकामी होती. पाक हेर्लांबांग खिडकीपाशी बसले होते; पन्नाशीचे, ढगळ शर्ट, कॉलर चुरगळलेली. पलुपीला त्यातही ती कॉलरच आधी दिसली. तिने नाव सांगून पुडकं टेबलावर ठेवलं.

त्यांनी पान उघडलं. "आपेम? कोण गेलं, बू?"

"गोष्ट गेली होती," ती म्हणाली, आणि मग सगळंच सांगून टाकलं. न्हाव्याचं दुकान, शंभरावा दिवस, सालस शीर्षकं. हेर्लांबांग आधी हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग हसायचे थांबले.

"पण गोष्ट मेली हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? उत्तर नाही आलं म्हणजे नाकारली."

"बू, नाकारायची तर आधी वाचायला लागते."

त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. न उघडलेले ईमेल ठळक काळ्या अक्षरांत दिसतात हे तिला माहीत होतं. पडदा वरपासून खालपर्यंत काळा होता. त्यांनी तिचं नाव टाकलं. आठ वर्षांत तिने इथे पाठवलेल्या सगळ्या गोष्टी ओळीने वर आल्या, ज्यांच्या ज्यांच्या शंभराव्याला तिने पीठ भिजवलं होतं त्या सगळ्या. एक सोडून सगळ्या काळ्या.

"आठवड्याला वरच्या चारदोन उघडतो. त्यातली बरी असेल ती लावतो. तुमची फणस खाली फार खोल गेली होती. गेल्या महिन्यात काहीतरी भलतंच शोधत होतो, तेव्हा हाताला लागली." ते आपेमचा तुकडा मोडत म्हणाले, "चांगली आहे, बू. शेवटी त्या दोघी फणस कुजू देतात पण बोलत नाहीत ना, तिथे मी थांबलो. मला वाटलं होतं आता गरे वाटून घेतील. तुम्ही घेऊ दिले नाहीत."

आठ वर्षं हेच वाक्य कोणीतरी म्हणावं म्हणून पलुपी थांबली होती. "मग बाकीच्या...?" तिने पडद्याकडे बोट केलं. "बाकीच्या वाचाल का? छापू नका. नुसत्या वाचा."

हेर्लांबांग पडद्याकडे बघत राहिले. "हो म्हटलं असतं. पण खोटं कशाला बोलू? महिनाअखेरीला हे पान बंद होतंय. इथे घरांच्या जाहिराती येणार. मीही जातोय." मग त्यांनी विचारलं, "तुमच्यात कोणी वाचतं का एकमेकांचं?"

"नाही हो. छापायच्या आधी वाचली की दृष्ट लागते."

"म्हणजे या कोणीच वाचलेल्या नाहीत? कोणीच?"

पलुपी पडद्यावरच्या काळ्या ओळी मोजू लागली. निघताना हेर्लांबांगनी उरलेले आपेम पुन्हा पानात गुंडाळून स्वतःच्या खणात ठेवले. तेवढंच त्यांनी तिचं ठेवून घेतलं.

परतीच्या बसमध्ये तिने खिडकीबाहेर पाहिलं, पण एकही वाक्य सुचलं नाही. नाकारलेल्या गोष्टींवर तिचं प्रेम होतं. त्यांना निदान कोणीतरी परतवलं होतं. या तर कोणाच्या दारापर्यंतही गेल्या नव्हत्या.

दुकानात पाक सुरोसो बाकावर वाट बघत बसले होते. वियोनोने त्यांना चहा दिला होता आणि चहाबरोबर बायकोची बाजूही ऐकवली होती असं दिसत होतं. त्यांच्या मांडीवर एक कागदी लिफाफा होता.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. "ओरडले?"

"नाही. आपेम खाल्ले."

"मग चांगला माणूस आहे. रविवारी माझ्या 'धुक्यातली शिट्टी'चा शंभरावा. मी म्हटलं, तुमचं प्रकरण निवळलं असेल तर तो करायच्या आधी त्या संपादकांना एकदा आठवण करून द्यावी. तुमची ओळख झालीच आहे आता." ते लहान मुलासारखे हसले.

पलुपीने इस्त्री लावली. ढिगातला वरचा शर्ट घेतला, झटकला, पसरला. बाही झाली, दुसरी बाही झाली.

"पाक, गोष्ट आहे का त्या लिफाफ्यात?"

"आहे. का?"

"वाचून दाखवा."

त्यांनी लिफाफा छातीशी धरला. "बू! आधीच तुमची ही अशी गत झाली, आणि वर दृष्ट?"

"आता आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय?"

पाक सुरोसोंनी वियोनोकडे पाहिलं. वियोनोने खांदे उडवले आणि दाराशी पायरीवर बसला. मग मास्तरांनी चष्मा पुसला, कागद काढले आणि मैदानावर मुलांना हुकूम देतात तशा मोठ्या, ताठ आवाजात सुरुवात केली. गोष्ट काही खास नव्हती. पहिल्याच पानावर धुकं चार वेळा उतरलं. नायिका बोलायची तेव्हा निबंध लिहून आणल्यासारखी बोलायची. पण दुसऱ्या पानावर एक म्हातारा मास्तर रिकाम्या मैदानात उभा राहून शिट्टी वाजवतो आणि कोणी रांगेत येत नाही, तिथे त्यांचा आवाज उतरला. वियोनोने मान वर केली. पलुपीने इस्त्री उभी करून ठेवली.

पाक सुरोसो थांबले. कागदावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "छापतील ना हो ही?"

"नाही छापणार, पाक," पलुपी म्हणाली. "पुढे वाचा."

त्यांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. मग कागदावर बोट ठेवून आपली ओळ शोधली आणि पुढे वाचू लागले.