खाजणाची फाइल

विषय : डोंबिवली पश्चिमेच्या खाडीलगतचे खाजण भरावापासून वाचवणेबाबत.
संदर्भ : १) आमचा अर्ज. २) त्याचे स्मरणपत्र. ३) स्मरणपत्राची आठवण करून देणारे पत्र.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, उत्तर मिळो न मिळो, फाइल जाड होतच राहते. तीत कागद कमी आणि किस्से जास्त. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी करताना दुसऱ्यांचे अर्ज मीही असेच जाड केले. आता टेबलाच्या अलीकडे उभा आहे. याला न्याय म्हणतात, तक्रार नाही.

खाजण म्हणजे भरतीचं पाणी जिथे येतं-जातं ती खाडीकाठची चिखलाची जमीन. आमच्या खाजणात हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात आणि बारा महिने हिराआई उतरते. काठावरच्या आगरी गावातली, सत्तरीची. चिखलात हात घालून निवट्या नावाचे मासे पकडते, बाजारात विकते. घर त्यावर चालतं. तिथे पाडलेल्या इमारतींचं डेब्रिज पडायला लागलं. खाजण बुजलं तर पक्षी दुसरीकडे जातील. हिराआईला दुसरीकडे नाही.

आमची तुकडी तिघांची. अस्मिता कांबळे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात केमिस्ट, रविवारी आमची पुढारी. निवृत्त शिक्षक सावंत सरांना पक्ष्यांची नावं पाठ, शेजाऱ्यांची नाहीत. तिसरा मी. मला कशाला घेतलंस, असं विचारलं तर अस्मिता म्हणाली, "काका, पक्षी ओळखणारे खूप भेटतात. टिपणी लिहिणारं कोणी भेटत नाही." निवृत्तीनंतर कुणाचं माझ्यावाचून अडेल असं मला वाटलं नव्हतं. तिचे आभार तोंडावर मानायचे राहिले आहेत, ते इथे नोंदवतो.

*

एका रविवारी सकाळी डेब्रिजचा डंपर समोरच येऊन थांबला. सावंत सर पुढे झाले आणि पर्यावरणावर बोलू लागले. ड्रायव्हर विडी ओढत ऐकत होता. त्याला वेळ होता.

माझ्या हातात पक्ष्यांच्या नोंदींची वही. सवयीने तोंडातून गेलं, "परवानगीची मूळ प्रत आहे की झेरॉक्स?"

"झेरॉक्स चालंल का?"

"साक्षांकित असेल तर."

त्याने विडी टाकली. "सही कुनाची लागते, साहेब?"

"ते मी सांगायचं नसतं."

डंपर रिव्हर्समध्ये गेला तो मेन रोडपर्यंत. सर म्हणाले, "एवढी वर्षं वर्गात घसा फोडला, एक पोरगं असं हललं नाही."

*

अर्जाला सरांनी पक्ष्यांची यादी जोडली होती. निवडणुकीचे दिवस. अर्ज शेऱ्यासह परत आला : 'आचारसंहिता लागू असल्याने अनुक्रमांक चार, तुतारी, हे चिन्ह वगळून फेरसादर करावे.'

सर कचेरीत खिडकीवरच्या क्लार्ककडे गेले. "अहो, तो पक्षी आहे."

"पक्षाचंच तर सांगतोय, सर."

मी मध्ये पडलो. नाव काढतो, वर्णन घालतो म्हटलं : 'शेपूट हलवणारा लहान पक्षी.'

क्लार्कने विचार केला. "शेपूट हलवणारा नको, काका. कोणीतरी अंगाला लावून घेईल."

पण माणूस भला. जेवणाची सुट्टी बुडवून त्याने आम्हाला नवा आवक क्रमांक दिला. त्याचा डबा तसाच राहिला होता.

*

नंतर उत्तर आलं : 'सदर जमीन सातबाऱ्यावर पोटखराब असल्याने भरावामुळे नुकसान संभवत नाही.' पोटखराब म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. अस्मिताने ते हिराआईला वाचून दाखवलं. ती ओट्यावर निवट्या साफ करत होती.

"कुनी लिवलं?"

"सरकारी कागद आहे, आई."

"त्याला म्हनावं जेवाला ये. मंग बघू कुनाचं पोट खराब होतंय."

तो न आल्यामुळे आम्ही जेवलो. सरांनी कालवण तीनदा वाढून घेतलं. पोट कुणाचंही बिघडलं नाही, हे मी पुराव्यादाखल उत्तरात लिहिलं होतं. अस्मिताने खोडलं.

*

मग पत्र आलं : 'स्थळपाहणीसाठी सोयीची तारीख कळवावी.' अस्मिताला शनिवार बरा वाटत होता.

"शनवार-बिनवार नको," हिराआई म्हणाली. "पुनवेला बोलव. दुपारची. जेवून ये म्हन."

तसं कळवलं. साहेब आले, तरुण, सभ्य, बुटांना पॉलिश. हिराआईने खाजणाच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकली, हातात चहा दिला.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "आजी, हे तर कोरडं आहे सगळं."

"हो रं बाला. बस. च्या पी."

ते फॉर्म भरू लागले. चतुःसीमा विचारल्या. हिराआईने पूर्व दिशेला कोण राहतं, त्याची सून कुठली, लग्नात काय झालं, हे सांगितलं. मग पश्चिम घेतली. उत्तरेला पोचेपर्यंत खुर्चीचे पाय ओले झाले होते. मी तोंड उघडलं. अस्मिताने माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं, तेवढं नोकरीत शिकलो होतो.

शेवटचा रकाना होता, 'जागेची स्थिती : कोरडी / पाण्याखाली'. साहेबांनी खाली पाहिलं. मोजे भिजले होते. त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले, मांडी घातली, फॉर्म गुडघ्यावर ठेवून लिहिलं आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं :

"जागा कोरडी आहे की पाण्याखाली, याबाबतचा अभिप्राय वरिष्ठांच्या मार्गदर्शनानंतर देण्यात येईल."

आम्ही पंच म्हणून सह्या केल्या. हिराआईने साहेबांना हाताला धरून काठावर नेलं.

अर्ज प्रलंबित आहे.